दाताखालचा दाणा

अंबडच्या बाजारात एक व्यापारी सोयाबीनचा दाणा चावून ओल सांगायचा. ओल मोजायचं यंत्र शेजारीच पडलेलं असायचं, पण त्याच्या दातांपुढं ते कुणी मागायचं नाही. माझा कडकडीत वाळलेला माल चावून तो दर वर्षी म्हणायचा, "वल्लं हाय, भाव कमी लागंल." मी त्याच भावात माल घालून घरी यायचो आणि झोपेत दात खायचो. दाढा झिजून सपाट झाल्या, तरी दाताखाली आलेला केससुद्धा मला कळतो.

यंदा त्याच्या तोंडात कवळी दिसली. कवळी बसल्यापासून माझ्या आईला भाकरीतली कचही कळत नाही. मी मुद्दाम दोन पिशव्या नेल्या, एक वाळलेली, एक ओलसर, आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर एकेक दाणा ठेवला.

"यातला वल्ला कोणता, शेठ?"

ओलसर दाण्यावर त्याची कवळी खट्ट वाजली. "हा बिलकुल वाळलेला," तो म्हणाला. वाळलेल्याला त्यानं वल्ला ठरवलं.

मग मी दोन्ही पिशव्यांतलं सोयाबीन यंत्रात टाकलं. आकडे बरोबर उलटे आले. माणसं हसायला लागली. तो उठू लागला, तसा मी तिसरा दाणा पुढं केला.

"बसा शेठ. अजून एक चावा."