अमेरिकेचं घड्याळ मागे जातं तेव्हा

आमच्या डोंबिवलीच्या घरात जेवणाची वेळ वर्षातून दोनदा बदलते आणि ती अमेरिका बदलते. तिकडचे लोक दिवाळीच्या आगेमागे आपली घड्याळं तासभर मागे घेतात आणि होळीच्या सुमाराला परत पुढे करतात. का, ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही. मीही तिकडच्या लोकांना कधी विचारलं नाही, कारण त्यांनी उलट विचारलं असतं की तुमच्या वेळेत हा अर्धा तास कुठून आला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मी तिकडच्या एका विमा कंपनीच्या वेबसाइटचं टेस्टिंग करायचो. गाडी ठोकल्यावर माणूस घाबरून कुठली कुठली बटणं दाबेल, ते आधी दाबून बघणं हे माझं काम. ऑफिस ठाण्याला, घोडबंदर रोडवर, पण कोविडनंतर बहुतेक काम घरूनच. त्यांची सकाळ झाली की रोजचा कॉल. उन्हाळ्यात तो आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असायचा, त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेसातला.

मी बेडरूममध्ये दार लावून बसायचो. बाहेर हॉलमध्ये बाबा टीव्हीवर बातम्या बघत असायचे. मधली भिंत अशी की बाबांनी खोकलं तर अमेरिकेला ऐकू जायचं. त्यामुळे कॉलची वेळ झाली की बाबा स्वतःहून टीव्ही बारीक करायचे आणि ओठांच्या हालचालींवरून बातम्या समजून घ्यायचे. त्यांचं म्हणणं, बऱ्याचदा तसंच जास्त कळतं. कॉल संपून मी दार उघडलं की आवाज परत मोठा, आणि एकच प्रश्न, “काय म्हणते अमेरिका?”

“बरी आहे,” मी म्हणायचो.

मग बाबांची जेवणाआधीची गोळी आणि मग पानं. हिवाळ्यात हे सगळं एक तास उशिरा व्हायचं. दरवर्षी पहिल्याच दिवशी बाबा स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला सांगायचे, “अगं, अमेरिकेचं घड्याळ मागे गेलं, आपली भाकरी पुढे गेली!” दरवर्षी तोच विनोद. आम्ही दरवर्षी हसायचो, कारण न हसल्यास ते परत सांगायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मला नोकरीवरून काढलं. काढलं असं कुणी म्हटलं नाही. कॉलवर तिकडच्या ऑफिसातली एक अनोळखी मुलगी आली. तिच्या मागे पुस्तकांचं कपाट होतं, खोटं. ती हलली की तिचा कान पुस्तकांत विरघळायचा. तिने माझं आडनाव बरोबर उच्चारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती म्हणाली की हा निर्णय माझ्या कामाबद्दल नाही. त्याआधीचे काही महिने मी काय करत होतो, तर मी टेस्टिंग कसं करतो ते एका नव्या सॉफ्टवेअरला शिकवत होतो. चांगलं शिकवलं असावं. तिचं बोलणं पुरतं संपण्याआधी लॅपटॉप आपोआप लॉक झाला आणि काळ्या स्क्रीनवर माझा चेहरा दिसला. दाढी वाढलेली होती.

मला काहीच वाटलं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी दार उघडून बाहेर आलो. बाबांनी टीव्ही मोठा केला.

“काय म्हणते अमेरिका?”

“बरी आहे.”

बायकोला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती कल्याणला शाळेत शिकवते. तिने आधी माझा हात धरला आणि मग विचारलं, “बाबांना?”

“नको.”

“अरे, किती दिवस नको?”

“दुसरी मिळेपर्यंत.”

तिला कारण माहीत होतं. बाबा आंबिवलीच्या बाजूला एका कारखान्यात होते. मी नववीत असताना तो बंद पडला. म्हणजे एका दिवसात नाही पडला, आधी बरेच दिवस नुसता आजारी होता, मग एका सकाळी गेटला कुलूप. बाबा त्यानंतर कल्याणला एका गोडाऊनमध्ये लागले, घर चाललं, माझं शिक्षण झालं, पण त्यांच्यातलं काहीतरी गेटच्या आतच राहिलं. आधी आंघोळ करताना मोठ्याने गायचे, ते बंद झालं. मला ठाण्याला नोकरी लागली तेव्हा ते मुद्दाम माझ्याबरोबर बिल्डिंग बघायला आले होते. खाली उभं राहून त्यांनी सिक्युरिटीवाल्याला विचारलं होतं, “ही कंपनी बंद वगैरे पडणारी नाही ना?” तो म्हणाला, “काका, काच बघा किती लावलीय.” बाबांना ते पटलं. घरी येऊन त्यांनी आईला काचेचं इतकं वर्णन केलं की तिला वाटलं मी आरशाच्या दुकानात लागलो. आता आई नाही. ज्या माणसाने हे एकदा स्वतःच्या बाबतीत बघितलं, त्याला म्हातारपणी मुलाच्या बाबतीत परत बघायला लावायचं माझ्याकडून होईना. माझं स्वतःचं तर काही दुखत नव्हतं, पण त्यांचं दुखेल याची भीती मात्र जिवंत होती.

म्हणून मी काम करत राहिलो. म्हणजे करतोय असं दाखवत राहिलो. कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने परत गेला, त्या दिवशी नेमके बाबा डॉक्टरकडे होते. त्या जागी मी माझा जुना ठेवला. दिवसभर नोकऱ्यांसाठी अर्ज भरायचो. अर्ज भरताना वेबसाइट विचारते की तुम्ही माणूस आहात ना, असाल तर ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडा. मी निवडायचो. मग माझा अर्ज एक सॉफ्टवेअर वाचायचं आणि नाकारायचं. नकाराचा मेल ज्या पत्त्यावरून यायचा त्यावर उत्तर पाठवायची सोय नसायची. मला त्याचाही राग यायचा नाही. उलट मेलमधल्या चुका दिसायच्या, नावाच्या जागी नुसता कंस राहिलाय वगैरे, आणि वाटायचं, हे कुणीतरी टेस्ट करायला हवं होतं.

संध्याकाळी साडेसहा वाजले की कानाला हेडफोन लावून बेडरूममध्ये बसायचो. समोर कुणी नसायचं. अधूनमधून “येस, येस”, “लेट मी चेक अँड गेट बॅक” असं म्हणायचो. एकदा तर सवयीने “यू आर ऑन म्यूट” पण म्हटलं आणि बराच वेळ उत्तराची वाट बघितली. बाहेर टीव्ही बारीक झालेला असायचा. तासाभराने दार उघडायचं, अमेरिका बरी आहे म्हणून सांगायचं, जेवायचं.

टीव्हीवर तेव्हा रोज काहीतरी सर्वांत मोठी बातमी असायची. डोंबिवलीत बिबट्या दिसला, मग तो कुत्रा निघाला. आणि मधूनमधून ते चालूच, यंत्रं आली, नोकऱ्या गेल्या, चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडतायत, खाली लाल पट्टीत प्रश्न, तुमची नोकरी सुरक्षित आहे का? आधी बाबा असलं आवर्जून ऐकायचे आणि मला बोलावून दाखवायचे. हल्ली मात्र ते लागलं की चॅनेल बदलून टाकायचे आणि पाककृती बघत बसायचे. मला वाटलं, कंटाळले असतील. मीही कंटाळलो होतो.

बाबांच्या पोटात काय राहतं याची मला खरं तर कल्पना असायला हवी होती. लाइट बिल त्यांच्या खात्यातून भरताना त्यांच्या फोनवर ओटीपी येतो. मी समोर बसून विचारतो, बाबा, किती आलाय? ते फोन छातीशी धरतात. “मेसेजमध्ये काय लिहिलंय वाचू? कोणालाही सांगू नका.” अहो, पण मी तुमचा मुलगा. “कोणालाही म्हणजे कोणालाही.” मग फोन माझ्याकडे न देता ते स्वतः माझ्या लॅपटॉपवर एका बोटाने आकडे टाकतात, तोवर मला भिंतीकडे तोंड करून बसावं लागतं.

दिवाळी झाली. कंदील काढून माळ्यावर गेला. एके संध्याकाळी मी ‘कॉल’ संपवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता हळूच म्हणाली, “यंदा भाकरी पुढे नाही गेली?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

“अरे, अमेरिकेचं घड्याळ. गेलं असेल ना मागे एव्हाना?”

मी फोन काढून बघितलं. गेलं होतं. कधीच गेलं होतं. आणि मी आपला रोज साडेसहाला दार लावून अमेरिकेशी बोलत होतो, तिकडे तेव्हा सकाळी आठ वाजता ऑफिसात झाडूवालासुद्धा आला नसेल. इतकी वर्षं हे घड्याळ मला कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं, कारण कॉल आपोआप सरकायचा. खरा असेल तो कॉल सरकतो. माझा कोण सरकवणार?

“बाबा काही बोलले?” मी विचारलं.

“तेच तर. काहीच बोलले नाहीत. विनोदसुद्धा नाही केला.”

तिच्या तोंडाकडे बघितल्यावर मला कळलं की ती हे बरेच दिवस मनात घेऊन बसली होती. आणि तरीही माझी पहिली प्रतिक्रिया काय, तर धंद्याची. चूक सापडली, आता दुरुस्त करून टाकू, बाबांच्या लक्षात आलं नसेल, आलं असलं तर विसरतील. उद्यापासून कॉल साडेसातला. मला वाटतं मी इतका सुन्न झालो होतो की समोरचा माणूस मला वेबसाइट वापरणाऱ्या गिऱ्हाइकासारखाच दिसत होता, ज्याला बिघाड कळायच्या आत तो निस्तरायचा असतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी मुद्दाम हॉलमध्ये बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. हातात चहा. बाबांनी घड्याळाकडे बघितलं, रिमोट उचलला आणि टीव्ही बारीक केला. मग मी तिथेच आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

“आज कॉल नाही?”

“आहे ना. साडेसातला. त्यांचं घड्याळ मागे गेलं ना, बाबा.”

“ते होय,” बाबा म्हणाले. “ते तर दिवाळीत गेलेलं.”

मी चहा प्यायलो. तो संपला होता तरी प्यायलो. पडद्यावर चार माणसं बिनआवाजाची भांडत होती. बाबा त्यांच्याकडे बघत होते आणि रिमोट त्यांच्या मांडीवर होता.

“आमचं गेट बंद झालं तेव्हा,” ते म्हणाले, “मी तुझ्या आईला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो. ठाकुर्लीला एका ओळखीच्याच्या दुकानात बसून राहायचो.”

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आम्हाला सगळ्यांना एकाच दिवशी कळलं.

“आईला कसं कळलं?”

“अरे, पाळी. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलायची. पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी. मी आपला रोज पहाटे उठून पहिलीलाच निघतोय. एक आठवडा झाला, दोन झाले, पहिलीच. डोक्यातच आलं नाही माझ्या.” ते थोडंसं हसले. “तिच्या आलं.”

“मग ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? डबा करून द्यायची. रोज. पुढे मीच सांगितलं, तेव्हा म्हणाली, बरं झालं बाई, आता पहाटे उठायला नको.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो गाल परत माझा वाटायला लागला. बधिरपणा उतरताना दुखतं, दातांचा डॉक्टर तसं सांगतो. मला बाबांचा राग आला, की कळलं होतं तर बोलले का नाहीत, आणि त्याच वेळी आठवलं की या माणसाने दिवाळीपासून रोज संध्याकाळी, नसलेल्या कॉलसाठी, स्वतःच्या बातम्या बारीक केल्या होत्या. आणि वर मला विचारलं होतं की अमेरिका काय म्हणते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघितलं.

“मग काय करू?” त्यांनी विचारलं. “साडेसातला बारीक करू का परत?”

मला हो म्हणता आलं असतं. ते रोज साडेसातला न चुकता टीव्ही बारीक करत राहिले असते, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

“नको,” मी म्हटलं. “मोठा ठेवा, बाबा.”

त्यांनी मान हलवली. रिमोट उचलून आवाज वाढवला, आधी होता त्याहून जरा जास्तच. बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली.

“अगं,” बाबा तिला म्हणाले, “भाकऱ्या टाकायला घे. अमेरिका संपली.”