गेममधले अण्णा वळलेच नाहीत

मित्रांनो, आत्ताच आईला पाटोद्याच्या एसटीत बसवून आले. मी इथं पुण्यात गेम डेव्हलपमेंट शिकते म्हणजे नक्की काय करते, ते बघायला ती कॉलेजात आली होती.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या गेममध्ये ऊसतोड आहे. पुढं कोयता चालवणारे माझे वडील, अण्णा, मागं मोळ्या बांधणारी आई. अण्णा मी लहान असतानाच गेले.

स्क्रीनवर त्यांची पाठ दिसली आणि आई खुर्चीत पुढं सरकली. "चाल त्यांचीच हाय की गं!"

माउस तिच्या हातात दिला, तर तिनं हलवलाच नाही.

"आई, मोळी बांध ना."

"थांब. सरी संपली की पाणी मागाया वळत्यात ते."

सरी संपली. अण्णा वळले नाहीत. वळणार कसे? मी त्यांना चेहराच दिलेला नाही. मला तो आठवत नाही आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही.

मशीन हँग झालं, असं आईला सांगितलं.

"मग नीट झालं की बोलव मला," म्हणाली.

आपल्या बीडच्या ग्रुपवर कुणाकडे ऊसतोडीच्या टोळीचा जुना फोटो आहे का? त्यात कपाळावर मोठं गोंदण असलेली उंच बाई शोधा, ती माझी आई. तिच्याशेजारी उभे असतील, ते आमचे अण्णा.