दुसऱ्यांदा भात

मेण खोबरेलात वितळल्याचा वास आला की बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. धाकट्या बहिणीचा कथकचा पहिला मोठा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, आणि आम्ही एक सिनेमा बघत होतो. त्यातली नर्तकी प्रत्येक गिरकी अचूक यावी म्हणून झुरत हळूहळू भ्रमिष्ट होत जाते. मी तो बंद करायला उठले. "राहू दे गं ताई," ती म्हणाली, "पण हिला घरचं कोणी 'पुरे, जेवून घे' म्हणत नाही का?" मग सकाळपासून उपाशीपोटी नाचून भेगाळलेले पाय तिने माझ्या मांडीवर ठेवले. "तू म्हण ना मला." टाचांना मेण चोळत मी म्हटलं, "पुरे. जेवून घे." ती रडली, जेवायला बसली, आणि दुसऱ्यांदा भात मागितला. परवा तिच्या वर्षश्राद्धाला सगळे तिच्या गिरक्यांबद्दल बोलत होते. मी भात वाढत राहिले.