पटावरचं नाव
राइस मिलकडून उकडत्या धानाचा वास आला की लाखनीतल्या आमच्या घराची ती खिडकी आठवते. लेकरं येशूच्या वचनात वाढावीत म्हणून मी दोघांना घरीच शिकवायची, आणि भिंतीपलीकडच्या शाळेकडे त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा लावला होता. एका सकाळी स्तोत्र पाठ करता करता सहा वर्षांची लेक पडद्यामागे गेली. पलीकडे बाई हजेरी घेत होत्या. एका नावाला कोणी ओ दिली नाही, तशी ही बारीक आवाजात म्हणाली, "हजर!" मी तिला मागे ओढलं. "दुसऱ्याच्या नावानं कायले बोलतं? प्रभूले खोटं आवडत नाही." ती म्हणाली, "तिचं नाव बाई रोज घेते, कोणीच बोलत नाही. मंग मीच म्हणून देतो." संध्याकाळी त्या बाई रस्त्यात भेटल्या, तेव्हा हजेरीला ओ न देणाऱ्या त्या मुलीबद्दल मी विचारलं. "ते पोरगी दिवाळीच्या आधी तलावात बुडाली," त्या म्हणाल्या. "नाव कापाचं होतं. पण नाव घेतलं का कुठून तरी 'हजर' आयकू येते मले." दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी पडदा मीच बाजूला सरकवला. लेक आता नागपूरला शिकते. बाई अजून भेटतात, आणि तो 'हजर' कोणाचा होता, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.