कामाला गेलेली कुंदा

कुंदा अंगावरचा गाऊन उतरवण्याआधी स्टुडिओभर नजर फिरवायची. "ज्याचं इथे काम नाही, त्याने बाहेर व्हायचं," एवढं बोलून हाताची घडी घालून उभी. स्टुडिओचा मालक, सेठ, त्याचे पाहुणे असोत नाहीतर चहावाला, शेवटचा माणूस गेल्याशिवाय ती कॅमेऱ्यासमोर यायची नाही.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका गाळ्यात पुरुषांच्या मासिकांसाठी बायकांचे उघडे फोटो निघत. मी तिथे मेकअप करायचे. कुंदा घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतून यायची. उंच, काळी, फटकळ. सेठ तिच्यादेखत म्हणायचा, "अंग झकास आहे, पण हे काळं थोबाड चालत नाही." तिचं तोंड अंधारात ठेवून फोटो छापायचे. कव्हर गोऱ्या मुलींना, पंख्याची खोलीही त्यांनाच. सावळ्या पोरी जिन्याखाली पडद्याआड कपडे बदलत. "घाम काय रंग बघून येतो?" कुंदा विचारायची.

एकदा सेठने रंग उजळवायचं कसलंसं औषध आणवलं. मी नको नको म्हणत असताना त्याच्या माणसाने ते मीना नावाच्या नव्या मुलीच्या मानेला फासलं. कातडी सोलून निघाली. कुंदाने तिची मान नळाखाली धरली आणि सगळ्यांना सांगितलं, "आज कोणी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही गं." गोऱ्या मुलीसुद्धा बसून राहिल्या. दुपारी सेठ आला. ओरडला नाही. "औषध बंद. पोरीला डॉक्टरकडे न्या. खूश?" असं म्हणून हसला.

त्यानंतर कुंदाच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकलवाला उभा राहू लागला. नुसता बघायचा. मग एका सकाळी वस्तीच्या भिंतींवर तिचे फोटो चिकटवलेले. यात मात्र तिचं तोंड लख्ख उजेडात होतं.

मी धावत गेले. ती आणि तिची आई नखांनी कागद खरवडत होत्या. "थोडे दिवस येऊ नकोस," मी म्हटलं.

"पोरीला भाजलं त्यांनी, आणि लपू मी?"

दुसऱ्या दिवशी ती घरून निघाली, पण स्टुडिओत पोचली नाही. मी सेठला विचारलं. चहाचा घोट घेत तो म्हणाला, "कोण कुंदा?"

तिच्या आईला घेऊन मी पोलीस चौकीत गेले. कुंदा काय काम करायची ते ऐकून हवालदाराने पेन खाली ठेवलं. "असल्या बाईची कसली तक्रार घ्यायची?"

आईने पदर सावरला. "माझी लेक कामाला गेली, ती घरी आली न्हाई. येवढंच लिव्हा."

त्याने लिहिलं नाही. ती बाकावरून उठली नाही.