चारशे बारा दुपारी

सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता आलं, तर आकडा घ्यायचा नाही. सूर्य डोळ्यांत टोचला, तरच घ्यायचा. आभाळरावांनी हा नियम नऊ वर्षं पाळला, आणि नियमाने वागणाऱ्या माणसाला लागते तशी शांत झोप त्यांना नऊ वर्षं लागली.

आभाळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते संस्थेच्या फाटकावरच्या रखवालदाराने ठेवलं, कारण हा गृहस्थ फाटकातून आत येताना समोरच्याकडे न बघता आधी वर बघायचा. त्यापूर्वी एकवीस वर्षं ते एका चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते. दुकान बंद पडलं तेव्हा वय चव्वेचाळीस. हवेतल्या कणांची मोजणी करणाऱ्या या संस्थेला नेमका तेव्हा काचेला बोट न लावता काच हाताळणारा माणूस हवा होता. पदवीची अट नव्हती. आभाळराव चिकटले ते चिकटलेच.

काम तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर. रोज दुपारी बारा वाजता जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा सूर्याकडे धरायचा, त्याच्या खिडकीतला उजेडाचा ठिपका वर्तुळात आणायचा, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. असं तीनदा. धूळ, धूर, काजळी, मीठ यांचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगत असतात. सूर्याचं ऊन खाली येताना त्या कणांनी वाटेत किती अडवलं, ते हा डबा आकड्यात सांगतो. शून्य पॉइंट एक म्हणजे हवा धुतल्यासारखी. एकच्या वर गेला की दाट. सूर्यासमोर ढग असेल तर आकडा फुकट, कारण मग ऊन ढगाने अडवलेलं असतं. अशा वेळी वहीत आकड्याच्या जागी 'ढ' लिहायचं.

"आज आभाळ पास की ढ?" रखवालदार रोज विचारायचा. आभाळरावही रोज हसायचे. विनोद जुना होता, पण सोबतीचा होता.

एका सोमवारी सकाळी संस्थेत नव्याने आलेली संशोधक मुलगी नऊ वह्या आणि एक खोका घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली.

"काका, या वह्या तुमच्याच ना?"

"अक्षर माझं. वह्या संस्थेच्या."

तिने खोक्यातून गोल कागद काढून टेबलावर मांडले. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हवा ओढणारा पंप होता. त्यातला कण टिपणारा कागद आठवड्यातून एकदा बदलला जाई आणि दूरच्या प्रयोगशाळेत जाई. वही इथल्या कपाटात राही. एकाच गच्चीवरच्या या दोघांची नऊ वर्षांत गाठ पडली नव्हती. ती आता पडली.

"हा बघा. तव्याच्या बुडासारखा काळा. आणि त्या आठवड्यात तुमची वही काय म्हणते? ढ, ढ, ढ, ढ, रविवार, ढ, ढ."

"ढग असतील."

"हिवाळ्यात? सहा दिवस सलग? आणि पावसाचा एक थेंब नाही?"

"बिनपावसाचे ढगही असतात, मॅडम."

"असतात ना. म्हणून तर विचारतेय. तुम्ही ढग ओळखता कसा?"

आभाळरावांनी सरळपणे नियम सांगितला. सूर्याकडे बघता आलं, की ढग.

 ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"काका, दाट धूर असला तरी सूर्याकडे बघता येतं."

"येतं की."

"मग?"

"मग तेही एक प्रकारे..."  आभाळरावांना वाक्याचा शेवट कुठे सापडेना.

तिने समजावलं. हवा सगळ्यात खराब होती तेच दिवस त्यांनी ढग समजून सोडून दिले होते. वर्गातली नापास होणारी पोरं परीक्षेला गैरहजर दाखवली की निकाल शंभर टक्के लागतो, तसं या केंद्राचं झालं होतं. हवा जितकी बिघडत गेली तितके 'ढ' वाढले, आणि सरासरी सुधारत गेली. पाऊस पडलेले दिवस तिने आधीच वेगळे काढले होते. शंकेचे चारशे बारा उरले होते. कागद आठवड्याचा असल्यामुळे दिवसाचं काही सांगत नव्हता. उपग्रहाची चित्रंही उपयोगाची नव्हती, कारण दाट धुराला उपग्रहसुद्धा ढगच समजतो.

हे ऐकून आभाळरावांना क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, बरं का वाटावं?

"शुक्रवारी आपली माहिती वर जाणार," ती म्हणाली. "जगभरच्या केंद्रांची एकत्र होते. जमिनीपर्यंत येणारं किती ऊन कणांमुळे अडतंय, त्यावरून तापमानाचं गणित मांडतात. हे दिवस सुटे झाले नाहीत तर आपल्या केंद्राची नऊ वर्षं गणितातून बाहेर. सुटे करू शकणारा माणूस एकच आहे." तिने चारशे बारा तारखांची यादी पुढे सरकवली. समोर दोन रकाने: ढग, धूर. "तुम्ही रोज तिथे उभे होतात, काका. आठवेल तशी खूण करा."

नऊ वर्षं. एवढंच त्यांच्या हातून झालेलं काम होतं. चष्मे लोकांच्या नाकावरून केव्हाच गेले होते. वह्या राहणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी यादी घरी आली. त्यांची बायको घरी शिवणकाम करी आणि तिची स्मरणशक्ती सगळ्या चाळीत दबदबा राखून होती. दहा वर्षांपूर्वी कोण काय बोललं, हे ती स्वल्पविरामासकट सांगे. आभाळरावांनी तिच्यापुढे पहिली तारीख ठेवली.

"हा कोणता वार?"

"गुरुवार."

"मग त्या दिवशी तुमच्या बहिणीने शिवून दिलेला ब्लाउज परत पाठवला. घट्ट होतो म्हणे. स्वतः सुटली ते नाही सांगितलं."

"अगं, आभाळ कसं होतं?"

"मी आभाळाकडे कशाला बघू? ब्लाउजकडे बघत होते. पण थांबा, भरदुपारी दिवा लावला होता मी. सुईत दोरा जाईना."

"म्हणजे अंधारून आलं होतं. ढग."

"किंवा धूर. खोकत होतात तुम्ही."

"मी खोकतो ते बाराही महिने."

"मग ढग लिहा."

"लिहा काय? असेल ते सांग."

"आता बाई!" तिने मशीनचं चाक थांबवलं. "तुम्ही गच्चीवर, हातात यंत्र, आणि आभाळ कसं होतं ते मी सांगायचं? बरं, मला एक सांगा, हे कण म्हणता ते ऊन अडवतात ना? मग गारवा होतो. चांगलंच की."

"गारवा होतो. पण काजळीचे कण ऊन पितात, त्याने हवा तापते."

"मग धूर तापवतो की गार करतो?"

"दोन्ही."

"आणि याचा तुम्हाला पगार देतात," ती म्हणाली, आणि चाक पुन्हा फिरू लागलं.

मंगळवारी ते जुन्या निरीक्षकाकडे गेले. नियम त्याच्याकडून आलेला. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात त्याने गच्चीवर उभं राहून आभाळरावांना काम शिकवलं होतं, आणि आभाळराव त्याला तेव्हापासून नाना म्हणत. नाना आता मुलाकडे दोन खोल्यांत राहत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

"मी असं म्हणालोच नाही," नाना म्हणाला.

"नाना, तुम्हीच म्हणालात. टोचला तर घे, नाही टोचला तर सोड."

"अरे बाबा, ते पातळ ढगाबद्दल. वर उंच दुधट पापुद्रा येतो ना, तो फसवतो, त्याबद्दल. धुराबद्दल कोण बोललं? तेव्हा इथे एवढा धूर होता कुठे?"

"मग धुरात तुम्ही काय करायचात?"

नानाने बराच विचार केला. कपातला चहा निवला.

"सोडत असेन," तो शेवटी म्हणाला. "नाही, घेत असेन. माझ्या वह्या बघ ना."

"तुमच्या वह्यांतही ढ आहेत."

"मग ते ढगच असणार," नाना ठामपणे म्हणाला, आणि लगेच, "नाही का रे?"

परत येताना आभाळरावांना कळेना, की आपल्या आठवणीत नाना जे बोलला ते खरं, की आत्ता बोलला ते. नानालाही कळलेलं नव्हतं, हे तेवढं स्पष्ट होतं.

बुधवारी त्यांनी मन घट्ट केलं आणि खुणा करायला बसले. हिवाळा असेल तर धूर, इतर ऋतूंत ढग. सलग चार दिवस असतील तर धूर, एकटा असेल तर ढग. काही तारखांना खरोखरच काहीतरी दिसल्यासारखं वाटलं: पाण्याच्या टाकीवर पडलेला मळकट उजेड, गच्चीच्या कठड्याची पुसट सावली. दुपारपर्यंत साठ खुणा झाल्या. अशा गतीने शुक्रवारच्या आत यादी पुरी झाली असती, वह्या वर गेल्या असत्या आणि कुणी त्यांना विचारलंही नसतं.

पण चष्म्याच्या दुकानातली सवय आडवी आली. तिथे डोळे तपासताना गिऱ्हाइकाला विचारत, ही काच बरी की ती? काही गिऱ्हाइकं झटकन उत्तर देत. मग तपासनीस गुपचूप त्याच दोन काचा पुन्हा दाखवी, आणि गिऱ्हाईक तितक्याच झटकन उलटं सांगे. अशाचा नंबर काढू नये, घरी पाठवावं, डोळे थकलेत म्हणावं.

आभाळरावांनी त्याच साठ तारखा कोऱ्या कागदावर लिहिल्या, आधीच्या खुणा झाकल्या आणि जेवणानंतर पुन्हा खुणा केल्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. बावीस ठिकाणी उत्तर बदललं होतं. टाकीवरचा मळकट उजेड दुसऱ्या वेळी भलत्याच तारखेला दिसला होता.

त्यांनी खोडरबर घेतलं. बदललेल्या बावीस खुणा पुसल्या. अडतीस ठिकाणी मात्र दोन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं. ती अडतीस तरी खरी असतील? की दोनदा सारखं चुकणंही जमतं माणसाला? शेवटी तीही पुसली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोरी यादी परत दिली.

"काका, एकही नाही?"

"दिली असती. चारशे बाराही उत्तरं दिली असती. पण त्यातली खरी आठवलेली किती आणि गुळाला मुंगळे लागतात तशी मागाहून चिकटलेली किती, ते मला सांगता येत नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने एक टिपण आधीच तयार ठेवलं असावं, कारण ते लगेच टेबलावर आलं. 'निरीक्षकाला ढग व धूर यांतील फरक न समजल्यामुळे या केंद्राची नऊ वर्षांची नोंद वगळावी.' खाली सहीची जागा होती. त्यांच्या.

आभाळरावांनी ते दोनदा वाचलं. पेन उघडलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

"बारा वाजतील. आधी आजचा आकडा घेऊ. चला वर."

गच्चीवर आभाळ पांढरट होतं. सूर्य दिसत होता, कडा जरा विरघळलेल्या. डोळ्यांना फारसा त्रास न देता त्याच्याकडे बघता येत होतं. आभाळरावांनी डबा काढला, काच फुंकून साफ केली.

"मॅडम, तुम्ही सांगा. काय आहे हे?"

तिने डोळ्यांवर हात धरला. "धूर."

"नक्की?"

"हो. नाही, थांबा." ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथून बघून आली. "वर पापुद्रा दिसतोय का? तिकडे, टाकीच्या वर."

"मला नाही दिसत."

"मग धूर. पण काल हवा ओली होती. ओल्या हवेत कण पाणी पितात, फुगतात. फुगत फुगत त्यांचेच थेंब होतात. ढगाचा थेंबही कणाभोवतीच धरतो." तिचा आवाज हळू झाला. "म्हणजे हे अर्धवट फुगलेलं काहीतरी असेल."

"मग त्याला काय म्हणायचं?"

"मोठे मोठे लोक यावर भांडतात, काका."

"ते भांडू देत. मी वहीत काय लिहू?"

त्यांनी बटण दाबलं. तीनदा. एक पॉइंट तीन, एक पॉइंट चार, एक पॉइंट तीन. तिने वही स्वतःच्या हातात घेतली, पेन रकान्यावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. खाली रखवालदार कुणाला तरी फाटक उघडून देत होता. पेन काही हललं नाही.

"आकडा तर लिहा," आभाळराव म्हणाले. "आकडा आला आहे."

तिने आकडा लिहिला. पुढचा रकाना सोडून दिला.

खाली आल्यावर तिने टिपण फाडलं आणि उभ्यानेच नवं लिहिलं. आकडे असलेले दिवस जसेच्या तसे ठेवावेत, ते खरे आहेत. वर्षाची सरासरी काढू नये. चारशे बारा दुपारी ढग होता की धूर, ते ठरवता आलेलं नाही. सूर्याकडे बघता आल्यास नोंद न घेण्याचा नियम या केंद्रावर होता. 'निरीक्षकाला' या शब्दाने सुरू होणारं वाक्य त्यात नव्हतं.

आभाळरावांनी सही केली. तिने त्यांच्या शेजारी आपलीही केली.

"म्हणजे नऊ वर्षं राहिली की गेली?" त्यांनी विचारलं.

"आकडे राहिले. सरासरी गेली."

"ते कळलं. मी नऊ वर्षांचं विचारतोय."

तिने टिपण पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, जणू उत्तर त्यात कुठेतरी लिहून झालं असावं.

"मला नाही सांगता येत, काका," ती म्हणाली, आणि टिपण पाकिटात घालून पाकीट बंद केलं.