प्रज्ञाच्या लॅपटॉपचा पंखा

आधी एक कबुली देते. आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा धूळ बसू नये म्हणून मी त्याला स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर घातलं... आणि चालू असतानाही ते काढायचं नाही, असा हुकूम सोडला. आठवडाभरात तो तापून कायमचा गेला. आणि ही शहाणी मुलांना विज्ञान शिकवायची! पण भूतखेत, नजर, अंगात येणं यावर मात्र तेव्हाही माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अडचण होतेय.

आम्ही आदिलाबादला लागून मावल्यात राहतो. घरामागे जिनिंग मिल आहे. हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू पार वरणात. गेल्या हंगामात माझ्या नातीची, प्रज्ञाची, नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती – दुपारी तीनला. स्क्रीनवर काम करून दाखवायचं होतं, त्यामुळे फोन चालणार नव्हता. आणि तिचा जुना लॅपटॉप वीस मिनिटांत तव्यासारखा तापून बंद पडायचा. दुकानवाल्या गजाननने दुरुस्तीला दोन दिवस मागितले. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, आण इकडे.

"आजी, तू हात नको लावू वं," ती म्हणाली.

लावला. मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरी सोडवली. स्क्रू इडलीपात्रात ठेवले, म्हणजे कुठला कुठे ते चुकत नाही. पंख्याची तार काढली, आड येऊ नये म्हणून चिकटपट्टीनं कडेला चिकटवली आणि पंखा उचलला... मागच्या तांब्याच्या जाळीवर कापसाची गादीच भरलेली! हवा जाणार कुठून? पाती बोटानं धरून, मऊ ब्रशनं एकेक फट साफ केली. अडीचला झाकण बंद.

मुलाखत पावणेदोन तास चालली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसून, तळवा जाळीपाशी धरून. पंख्याची घरघर दोघींनी ऐकली. वारा माझ्या हाताला लागत होता. लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डचं एक बटण बसवायला आम्ही दोघी गजाननकडे गेलो. माझी साफसफाई बघायला त्यानं मागचं झाकण उघडलं आणि आत बोट दाखवलं. पंख्याची तार जोडलेलीच नव्हती – माझ्या चिकटपट्टीखाली जशीच्या तशी. मधे कोणी झाकण उघडलं नव्हतं. तारेशिवाय पंख्याला वीज मिळत नाही, एवढं मलाही कळतं. मग तो फिरला कशावर? त्यानंतर जाणत्या माणसांना विचारून झालं. अजून विचारतेच आहे.

प्रज्ञाला नोकरी लागली, पण ते आठवड्यानं कळलं. त्या क्षणी दुकानात मी विसरभोळी म्हणून मान खाली घालून उभी होते. गजाननने जाळी उजेडात धरून खूप वेळ पाहिली. मग म्हणाला,

"बाई, पंखा कसा फिरला ते मले समजून नाई राह्यलं. पन एवढी साफ जाळी मीबी कदी केली नाई. उद्यापासून दुकानात येता काय तुमी?"